कॅटमध्ये 83 पर्सेंटाइल, त्यात वार्क 63. पुन्हा द्यायची तर नेमकं काय बदलू?

कृष्णाकाठचा – 5 जानेवारी 2025

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

24 नोव्हेंबरला कॅट (आयआयएमच्या एमबीएची प्रवेशपरीक्षा) दिली, दुसरा स्लॉट. 19 डिसेंबरला निकाल लागला. एकूण 83. वार्क (इंग्रजी वाचन आणि भाषा) 63, डीआयएलआर (तक्ते आणि तर्काचे प्रश्नसंच, म्हणजे सेट) 74, क्वांट (गणित) 89. निकालाच्या दिवशी ऑफिसात होतो. मोबाईलवर आकडा पाहिला, मोबाईल उलटा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोललो नाही.

माझ्याबद्दल थोडं. मूळचा कराडकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मेकॅनिकल इंजिनिअर, आता हिंजवडीत नोकरी, तीन वर्षं झाली. वर्षभर एका क्लासचे शनिवार-रविवार केले. 17 मॉक (सराव परीक्षा) दिले. क्लासमध्ये एकच सल्ला मिळाला: "अजून मॉक दे, अटेम्प्ट वाढव." परीक्षेत अटेम्प्ट वाढवले. त्याचं फळ वरती आहे.

उत्तरतालिकेवरून मोजलेले कच्चे गुण:
वार्क: 24 पैकी 22 सोडवले, 9 बरोबर, 13 चूक.
डीआयएलआर: 22 पैकी 8 सोडवले, 5 बरोबर.
क्वांट: 22 पैकी 11 सोडवले, 7 बरोबर.

घरी आई म्हणते, झालं तेवढं पुरे. मित्र म्हणतात, मराठी मीडियमवाल्याने वार्कच्या नादी लागू नये, सरळ राज्याची एमबीए सीईटी द्यावी. मला पुन्हा द्यायची आहे, पण तेच वर्ष तसंच पुन्हा घालवायचं नाही.

चकलीताई – 5 जानेवारी 2025

अरे 83 म्हणजे चांगलेच आहेत की! माझ्या लेकाला बारावीला 71 होते, तरी आम्ही पेढे वाटले होते. एवढं तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे त्यात?

फटकळ – 5 जानेवारी 2025

ताई, हे टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहे. 100 जणांत 83 जण त्याच्या मागे आणि 17 पुढे. या वर्षी परीक्षेला 2.93 लाख लोक बसले होते. त्याचे 17 टक्के करा. साधारण 50 हजार माणसं रांगेत याच्या पुढे उभी आहेत.

धागाकर्त्याला एक सरळ प्रश्न: एमबीए हवंच कशाला? पुरुष, इंजिनिअर, सर्वसाधारण प्रवर्ग असशील तर जुन्या आयआयएमना 99 च्या वरचं बोल. फी 20 लाखांच्या वर. तीन वर्षांची नोकरी आहे, ती नीट कर.

चकलीताई – 5 जानेवारी 2025

अगंबाई, 50 हजार! मग लेका, अभ्यास कर.

जुना_खेळाडू – 6 जानेवारी 2025

फटकळराव, त्याने "एमबीए करू का" असं विचारलेलं नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही भांडायला येतो.

मी नऊ वर्षं ही परीक्षा शिकवली, आता सोडलं. धागाकर्त्याने कच्चे आकडे दिले म्हणून लिहावंसं वाटलं. बहुतेक जण नुसतं "माझं वार्क वीक आहे" एवढंच लिहून मोकळे होतात.

वार्कचा हिशेब मांडू. 9 बरोबर, प्रत्येकी 3, म्हणजे 27. 13 चुकले, त्यातले टिटा (पर्याय नसलेले, उत्तर टाइप करायचे प्रश्न) किती? धरू 2, त्यांना निगेटिव्ह नाही. उरलेल्या 11 चे, चुकीला एक याप्रमाणे, 11 गेले. हाती 16. आता मला सांग, चौथा पॅसेज (उतारा) तू वाचला होतास का? खरं सांग.

कृष्णाकाठचा – 6 जानेवारी 2025

टिटा 2च चुकले होते. आणि चौथा पॅसेज… नाही. सात मिनिटं उरली होती. पहिला परिच्छेद वाचला, बाकी नजर फिरवली आणि चारही प्रश्नांना उत्तरं दिली. चारही चूक.

जुना_खेळाडू – 6 जानेवारी 2025

म्हणजे तो पॅसेज उघडलाच नसतास तर 20 झाले असते. शिवाय ती सात मिनिटं जंबल्सना (वाक्यांचा क्रम लावायच्या प्रश्नांना) मिळाली असती. सेक्शनला 40 मिनिटंच आहेत आणि ती संपली की मागे येता येत नाही. पूर्वी तासाभराचा सेक्शन होता, तेव्हा सगळे पॅसेज वाचणं जमून जायचं. 2020 पासून 40 मिनिटं झाली, तरी क्लासवाले सल्ला तोच देत राहिले.

पण हा झाला अंदाज. आजार कोणता ते आधी कळू दे. एक प्रयोग कर. तू हातही लावलेला नाहीस असा जुना पेपर घे. 2022 चा कुठलाही स्लॉट घे. रविवारी बस, घड्याळ बंद. प्रत्येक सेक्शन शांतपणे, समाधान होईपर्यंत सोडव. फक्त शेजारी कुणाला तरी 40 मिनिटांनी हाक मारायला सांग. हाक आली की जिथे असशील तिथे पेन्सिलने रेघ मार आणि पुढे चालू ठेव. मग दोन आकडे दे: रेघेपर्यंत किती सोडवले आणि किती बरोबर, शेवटपर्यंत किती बरोबर.

"येत नाही" आणि "वेळेत येत नाही" हे दोन वेगळे आजार आहेत. 17 मॉक देऊन तुला त्यातला कोणता आहे हे कुणी सांगितलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

सीईटीवाला – 7 जानेवारी 2025

सीईटीबद्दल लोक उगाच नाक मुरडतात, म्हणून दोन शब्द. 200 प्रश्न, 150 मिनिटं, निगेटिव्ह नाही. म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. तर्कशास्त्राचे 75 आणि आकृत्यांचे 25 प्रश्न बघितलेत तर आमच्या वेळच्या चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपचा बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर आठवेल. तो ज्याने मन लावून केला, त्याला ही परीक्षा परकी वाटत नाही. पण "सोपी म्हणून देतो" असं म्हणू नका. पेपर सोपा असला की कटऑफ आकाशात जातो. मुंबईच्या जमनालाल बजाजला 99.9 च्या खाली विचारत नाहीत. मुंबईचं सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचं पुम्बा यांचीही भाषा 99 च्या आसपासचीच.

दोन्ही द्या, हरकत नाही. पण कॅटला प्रश्न सोडायला शिकायचं आणि सीईटीला एकही सोडायचा नाही, हे दोन स्वभाव आहेत. एका महिन्यात दोन्हींचा सराव करू नका.

सातासमुद्रापार – 8 जानेवारी 2025

मी जीमॅटवाली (परदेशातल्या एमबीएसाठी देतात ती परीक्षा), त्यामुळे थोडं अवांतर. पहिल्यांदा 585, दुसऱ्यांदा 655. (नव्या पद्धतीत 205 ते 805 असे गुण असतात. नवा 645 म्हणजे साधारण जुना 700, त्यामुळे आकडे पाहून दचकू नका.) आमच्याकडे नियम उलटा. समोरच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा येतच नाही आणि शेवटी प्रश्न उरले तर मोठा दंड. त्यामुळे "सोड" हा सल्ला आम्हाला चालत नाही. आमचं सोडणं म्हणजे 30 सेकंदांत एक उत्तर ठोकून पुढे जाणं. शेवटी परत येऊन एका सेक्शनमध्ये जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात, तेवढाच दिलासा.

आणि एक सुख: 16 दिवसांनी पुन्हा देता येते. तुमची वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. त्या दिवशी ताप आला तर वर्ष गेलं. मला ते झेपलं नसतं.

कृष्णाकाठचा – 20 जानेवारी 2025

खेळाडू सर, प्रयोग केला. रूममेटला हाक मारायला बसवला होता, त्याने दोनदा चहापण दिला.

वार्क: रेघेपर्यंत 15 सोडवले, 11 बरोबर. सगळे 24 करायला 1 तास 10 मिनिटं लागली, 17 बरोबर.
डीआयएलआर: रेघेपर्यंत 7 सोडवले, 4 बरोबर. शेवटपर्यंत 20 पैकी (2022 ला वीसच प्रश्न होते) 14 बरोबर, पण सव्वादोन तास लागले.
क्वांट: शेवटपर्यंत 22 पैकी 13 बरोबर. उरलेल्या 9 मधले 6 भूमिती आणि लॉगॅरिदमचे. तिथे कितीही वेळ दिला तरी काही सुचत नव्हतं.

वार्कमधले रेघेपर्यंत चुकलेले चारही पर्यायवाले होते, म्हणजे 33 वजा 4, 29. बावीस सोडवून 16 आणि पंधरा सोडवून 29! मी हे दोनदा मोजलं.

जुना_खेळाडू – 20 जानेवारी 2025

बघ, एकाच माणसाला तीन आजार. क्वांटमध्ये तुला खरोखर येत नाही, तिथे पुस्तक उघडायचं. डीआयएलआरमध्ये येतं, पण चुकीच्या सेटला मिठी मारून बसतोस. वार्कमध्ये नुसती घाई. आणि तुझ्या क्लासने तिन्हींवर एकच गोळी दिली: अजून मॉक दे.

वार्कपासून सुरू करू. तीन पॅसेज, प्रत्येकी नऊ मिनिटं, झाली 27. उरलेल्या 13 मिनिटांत व्हर्बलचे (पॅसेजशिवायचे भाषेचे) आठ. चौथा पॅसेज वेळ उरला तरच. कोणते तीन घ्यायचे हे ठरवायला प्रत्येकाच्या पहिल्या चार ओळी वाच.

आता चुकांचं. मागच्या सहा मॉकमधले आरसीचे (पॅसेजवरचे) चुकलेले प्रश्न काढ आणि प्रत्येकापुढे एका ओळीत लिही, मी चुकीचा पर्याय का निवडला. "सिली मिस्टेक" लिहायला मनाई. साधारण चार कारणं निघतील. पर्यायात "केवळ", "नेहमी", "कधीच" असलं काहीतरी होतं आणि तुझी नजर त्यावरून घसरली. किंवा गोष्ट जगात खरी आहे, पण या उताऱ्यात नाही. किंवा उताऱ्यातलीच आहे, पण दुसऱ्या परिच्छेदातली. म्हणजे लेखकाच्या गावची, पण त्या घरची नव्हे. किंवा लेखकाने दुसऱ्याचं मत खोडायला मांडलं आणि तू ते लेखकाचंच समजलास. मराठी माध्यमाच्या मुलांचा शेवटचा घोटाळा फार होतो, कारण इंग्रजी लेखक आधी समोरच्याची बाजू अगदी प्रेमाने मांडतो आणि मग एका "हाउएव्हर"ने सगळं उलटवतो.

अर्धाकप – 21 जानेवारी 2025

खेळाडूंना अनुमोदन. मी नागपूरची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तीन वेळा कॅट दिली: 78, 89, 96. सध्या एका नव्या आयआयएममध्ये पहिलं वर्ष चालू आहे. थोडं लांबण लावते.

पहिली गोष्ट. "रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाच" हा सल्ला मी दोन वर्षं पाळला आणि माझा वार्कचा एक गुण वाढला नाही. अग्रलेखाचा विषय आपल्याला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे तो न समजताही समजल्यासारखा वाटतो. कॅटचा उतारा मात्र मानववंशशास्त्र, कलेचा इतिहास, कुठल्यातरी बेटावरचे पक्षी, अर्थशास्त्रज्ञांची आपापसातली भांडणं, असल्या कशावरही येतो. तिथे आपल्याला काहीच ठाऊक नसतं. त्याचीच सवय हवी. मी इयॉन या इंग्रजी संकेतस्थळावरचे निबंध वाचायचे. मुद्दाम असे विषय निवडायचे की शीर्षक बघूनच कंटाळा यावा.

दुसरी गोष्ट, याला माझ्या क्लासमध्ये हसले होते. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की मी एका ओळीत त्याचं सार मराठीत लिहायचे. भाषांतर नव्हे. "इथे हा माणूस रडतोय की संग्रहालयांनी वस्तू परत कराव्यात, पण कुणाला, ते त्यालाही ठाऊक नाही." असं. मराठीत सांगता आलं नाही तर मला समजलेलं नाही. इंग्रजीत सार लिहिताना मी त्यांचेच शब्द उचलायचे आणि समजल्याचं सोंग करायचे. मराठीत सोंग टिकत नाही. दोन महिन्यांनी कागद सुटला, ओळ मनातल्या मनात यायला लागली.

आणि मराठी वाचन बंद करू नकोस. साधना साप्ताहिकातला एखादा लांब लेख किंवा दिवाळी अंकातला वैचारिक लेख एका बैठकीत वाचून होत नसेल, तर अडचण इंग्रजीची नाहीच. बैठकीची आहे.

फटकळ – 21 जानेवारी 2025

शेवटचं वाक्य मनाला लागलं. गेल्या दिवाळीचे अंक अजून पिशवीत आहेत.

जुना_खेळाडू – 22 जानेवारी 2025

मराठीत सार! नऊ वर्षांत हे मला सुचलं नाही.

डीआयएलआरचं राहिलं होतं. 22 प्रश्न म्हणजे पाच सेट. पहिली पाच-सहा मिनिटं एकही सोडवायचा नाही. पाचही वाचायचे आणि कच्च्या कागदावर पसंतीक्रम लावायचा. सेट लांब दिसतो म्हणून घाबरू नकोस. लांब सेटमध्ये बऱ्याचदा अटी जास्त दिलेल्या असतात, म्हणजे तक्ता पटकन भरतो. दोन ओळींचा गोंडस सेटच माणसाला बुडवतो. सहा मिनिटांत तक्त्यात एकही घर पक्कं भरलं नाही तर उठायचं. तिथे आधीच सहा मिनिटं घातलीत म्हणून आणखी सहा घालायची नाहीत. बंद पडलेल्या एसटीत तिकीट काढलंय म्हणून बसून राहण्यासारखं आहे ते. पाचपैकी तीन सेट स्वच्छ आले तरी तू कुठल्या कुठे जाशील.

क्वांटला: काळ-काम-वेग, शेकडेवारी, मिश्रण, भागीदारी तुला शाळेपासून येतंच, ते धारदार ठेव. बीजगणितातली वर्गसमीकरणं आणि असमानता, आणि तुझे सहा प्रश्न गेले ती भूमिती नि लॉगॅरिदम. जूनपर्यंत एवढंच. परम्युटेशनच्या जंगलात शिरू नकोस.

कृष्णाकाठचा – 13 जुलै 2025

धागा वर काढतोय, कारण गाडं अडलंय.

सीईटी दिली होती, 96 च्या घरात. मला हवं तिथे मिळणार नव्हतं म्हणून प्रवेशप्रक्रियेत उतरलो नाही. क्वांट सुधारलंय, भूमिती आता शत्रू वाटत नाही. डीआयएलआरला दोन सेट नक्की, कधी तीन. पण वार्क! मेपर्यंत 26-30 यायचे. शेवटच्या तीन मॉकमध्ये 19, 14, 11. वाचन चालू आहे, मराठी ओळी चालू आहेत, दोन वह्या भरल्या. पण 40 मिनिटांत नऊ-दहा प्रश्नच होतात.

अर्धाकप – 13 जुलै 2025

हे माझंही झालं होतं, दुसऱ्या वर्षी. चुकायला घाबरायला लागलास. पूर्वी न वाचता ठोकायचास, आता प्रत्येक पर्याय कोर्टात उभा करतोस. दोन पर्याय उरले की किती वेळ देतोस ते मोज.

कृष्णाकाठचा – 16 जुलै 2025

मोजलं. सरासरी दीड मिनिट. एकदा तर साडेतीन मिनिटं. आणि गंमत म्हणजे एवढं करून दोनातला बरोबर पर्याय निम्म्याच वेळा निवडला जातो.

जुना_खेळाडू – 16 जुलै 2025

निम्म्या वेळा तर नाणं उडवूनही येतो! दोन पर्याय उरले की उताऱ्यातल्या त्या ओळीकडे एकदाच परत जा, 30 सेकंद. मग निवड आणि मागे बघू नकोस. +3 आणि -1 च्या हिशेबात निम्मे बरोबर आले तरी दोन प्रश्नांमागे 2 गुण पदरात पडतात. त्या एका मिनिटात तिसऱ्या पॅसेजचा परिच्छेद वाचून होतो.

आणि मॉक महिन्याला दोनच. दिला त्या दिवशी फक्त आकडा बघायचा. चिरफाड दुसऱ्या दिवशी. त्याच रात्री केली की माणूस स्वतःची बाजू घेतो.

कृष्णाकाठचा – 30 नोव्हेंबर 2025

देऊन आलो. तिसरा स्लॉट. वार्कला 19 सोडवले, चौथा पॅसेज उघडला नाही. हात शिवशिवत होता, पण नाही उघडला. तेवढी एक टिटा मात्र ठोकून दिली, त्याला निगेटिव्ह नाही म्हणून. बाकी निकालानंतर.

कृष्णाकाठचा – 26 डिसेंबर 2025

निकाल आला. 95.6. वार्क 91, डीआयएलआर 88, क्वांट 94.

99 नाही, हे मलाही कळतं. जुन्या आयआयएमचं दार बंदच. पण नव्यांपैकी काहींकडून आणि इतर एक-दोन ठिकाणांहून बोलावणं यायची आशा आहे. डीआयएलआरला तिसरा सेट अर्धा सोडून चौथ्यात गेलो, ते चुकलं. तिसऱ्यातच बसायला हवं होतं. खेळाडू सर, अर्धाकप ताई, तुमच्यासाठी कराडहून काय पाठवू ते सांगा.

चकलीताई – 26 डिसेंबर 2025

अभिनंदन रे बाळा! आता किती जण पुढे?

कृष्णाकाठचा – 26 डिसेंबर 2025

ताई, अकरा-साडेअकरा हजार असतील.

चकलीताई – 26 डिसेंबर 2025

बरेच हटवलेस की. पेढे वाट.

अर्धाकप – 27 डिसेंबर 2025

अभिनंदन! मुलाखतीसाठी मेकॅनिकलचे मूळ विषय आजपासूनच काढ. इतकी वर्षं आयटीत असलास तरी पहिला प्रश्न थर्मोडायनॅमिक्सचाच येतो. आणि "तुमच्या गावाला आणि नदीला इतिहासात काय महत्त्व?" हाही येतो, कराड म्हटलं की कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर दोन मिनिटं बोलता यायला हवं.

नवशिका_वाचक – 28 डिसेंबर 2025

पूर्ण धागा एका दमात वाचला. मला यंदा 71 आलेत, वार्क 48. मीपण मराठी माध्यम, लातूर. सुरुवात कुठून करू? कुठला क्लास चांगला?

कृष्णाकाठचा – 28 डिसेंबर 2025

क्लासचं नंतर बघू. 2022 चा पेपर सोडवलायस का? नसेल तर अजून उघडू नकोस. रविवारी सकाळी घड्याळ बाजूला ठेवून बस. कुणाला तरी 40 मिनिटांनी हाक मारायला सांग आणि तिथे पेन्सिलने रेघ मार. मग आकडे इथेच टाक.